रिफ्रेश कधी झालं होतं

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
मशिनींची पूजा झाली, मग सर्व्हरची. प्लँटचे देशमुखसाहेब म्हणे, चालू यंत्राला हळदकुंकू लावत नाहीत. बंद करायला लावला. हार, नारळ, पेढे. जेवण झाल्यावर चालू केला. सगळं नीट दिसलं, मी घरी.

३ ऑक्टो., शुक्र.
पहिल्याच शिफ्टला लाइन बंद. स्क्रीनवर लोखंडी ब्रॅकेट भरपूर, स्टोअरच्या रॅकवर एक नाही. साहेब डोक्यावर उभे. "आधी रिफ्रेश कर, मग बोल." केलं. साठा शून्य. मग ट्यूब पेटली. स्क्रीनवर दिसते ती साठ्याची काढून ठेवलेली प्रत. दर तासाला आपोआप ताजी होते. सर्व्हर बंद केला तेव्हा ते आपोआपचं काम थांबलं, ते थांबलेलंच. दोन दिवस सगळे बुधवार सकाळचा साठा बघत होते. मी तपासायला नको? गाढव आहे मी.

संध्या. – आळ स्टोअरच्या सोपानभाऊंवर. सकाळपर्यंत स्क्रीनवर साठा दिसत होता, म्हणजे माल बाहेर काढला आणि आज मागची तारीख टाकून नोंद केली म्हणे. तारीख हातानंच टाकतात, त्यामुळे बोलायला जागा. भाऊ म्हणाले, "ताई, पूजा झाल्यावर लाइनला दिलं म्या, तवाच नोंद केली. ते लोखंड मी निघोज्याला घरी नेऊन काय करू?" माल घेतलेली त्या शिफ्टची कंत्राटी पोरं दसऱ्याला गावाला गेलीत, फोन लागत नाहीत. भाऊंना उद्यापासून गेटबंद.

४ ऑक्टो., शनि.
दिवसभर शोधलं. प्रत शेवटची कधी ताजी झाली, ही वेळ डेटाबेस कुठंच ठेवत नाही. कुठंच नाही! झालेल्या कामांची नोंद ठेवणारा लॉग जागा वाचवायला बंद. जुनी प्रत असती तर दाखवता आलं असतं, ती मीच रिफ्रेश करून घालवली. रडू आलं, बाथरूममध्ये जाऊन रडले.

५ ऑक्टो., रवि.
सोपानभाऊंच्या घरून वहिनींचा फोन. "जेवत न्हाईत. चोर म्हणले तेच धरून बसल्यात."

६ ऑक्टो., सोम.
रिफ्रेश झालं की वेळ लिहून ठेवायची सोय केली. स्क्रीनवर वर दिसते. साहेब खूश. म्हटलं, भाऊंच्या चौकशीत सांगते, पूजेला सर्व्हर बंद केल्यामुळे झालं. तर म्हणे, "पूजा मध्ये आणू नकोस. तुझं कंत्राट रिन्यू व्हायचंय ना?" घराचं भाडं, आईची औषधं... डोकं फुटेल.

७ ऑक्टो., मंगळ.
सांगितलं. सगळं, पूजेसकट. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, पुरावा आहे का? नाही. "ठीक आहे, म्हणणं लिहून घेतलंय." साहेब माझ्याकडे बघेनात.

गेटबाहेर सोपानभाऊ उभे. "ताई, आता स्क्रीनवर टाइम येतोय म्हणं."
हो, म्हटलं.
"मग बुधवारचा टाइम दाखवा की त्यास्नी."
सोमवारच्या आधीची एकही वेळ त्यात नाही. उद्या परत येतो म्हणाले.