दारातली पायरी

घरच्या मुकादमबाईंना सप्रेम नमस्कार,

मी ठणठणीत आहे. हातांच्या भेगाही भरत आल्यात. आईचा गुडघा कसा आहे?

इथे सांडपाण्याचा गाळ भट्टीत जाळतात आणि थोडं सिमेंट कमी करून त्याजागी ती राख काँक्रीटमध्ये घालतात. नाक मुरडू नकोस, जळाल्यावर वास राहत नाही. ही राख पाणी फार पिते आणि माल सावकाश ताकद धरतो, पण धीर धरला तर पक्का होतो. मी त्याचे ठोकळे पाडतो आणि इंजिनीअर ते मशीनखाली फोडून बघतो. तुझ्या त्या शेजारच्या गवंड्याला विचार, असला माल कधी बघितलाय का?

त्याने आपला ओटा आरशासारखा केला म्हणतेस. केला असेल. तुझा नवराही गवंडीच आहे, हे त्याला माहीत आहे ना? त्याला चहा देतेस ते ठीक. पण 'साखर अगदी बेताची पडलीय' असं तो म्हणाला, हे मला कशाला कळवायचं?

रागावलो नाही, सहज लिहिलं.

एक मात्र ऐक. दारातली पायरी त्याला करू देऊ नकोस. मी येईपर्यंत फळी टाकून चालवा.

पण फळीवरून आईला जमणार नाही. बरं, करू दे त्याला. फक्त वरून खडबडीत ठेवायला सांग. शेवटचा हात मी येऊन फिरवीन.

तुझा, आणि तुझ्या एकटीचाच,
गवंडी