आडतेबाजारातलं तळघर आणि टोपावरचा दिवा

बंबखाना, अहमदनगर
शनिवार, ता. १५ फेब्रुवारी १९४७

प्रिय मित्र राधाकृष्ण मास्तर यांस पीरमहंमद जमादाराचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही पोचावेत.

तुझी तब्येत बरी असेल. आईंचा गुडघा कसा आहे ते कळव. पुणतांब्याला नदीकाठी अजून गारवा असणार, तेव्हा त्यांना पहाटे घाटाच्या पायऱ्या उतरू देऊ नकोस. वहिनींना आमच्या हमिदाचा सलाम सांग. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (खुशाल म्हणजे डोळे अजून लाल आहेत आणि थुंकी काळी पडते, पण डॉक्टर म्हणतात आठ दिवसांत जाईल.) हे पत्र वाचताना लाल पेन्सिल हातात घेऊ नकोस. माझे डोळे मंगळवारपासून चुरचुरतात, त्यामुळे काना-मात्रा जिथे पडतील तिथे पडतील.

तुला ठाऊकच आहे, आमच्या बंबखान्यात लढाईच्या दिवसांत आलेला एक ओढीचा पंप, तो ओढायला एक म्हातारा ट्रक, नऊ माणसं आणि उजेडासाठी दोन कंदील एवढाच सरंजाम. कंदील घेऊन आगीत शिरण्यासारखं अवघड काम नाही. धुरात त्याचा उजेड हातभर जात नाही, आणि फुटला तर आपणच आगीत तेल ओतल्यासारखं होतं. (मागच्या साली गोरक्ष तेलवाल्याच्या घाण्याला आग लागली तेव्हा मी कंदील घेऊन मागच्या दाराने आत शिरत होतो, तर आग लावणारा सापडला म्हणून लोकांनी मलाच धरलं.) त्या प्रकारानंतर नगरपालिकेने ठरवलं की बंबवाल्यांना टिकाऊ बॅटऱ्या किंवा टोपावर बसणारे दिवे घ्यावेत. लढाई संपल्यापासून भिंगारला लष्कराचा उरलेला माल लिलावात निघतो. तिथून नमुने आणायचे, पारखायचे आणि एक पसंत करायचा. त्यासाठी कमिटी नेमली. अध्यक्ष छगनशेठ, ज्यांचं कापडाचं दुकान आहे आणि ज्यांनी आग फक्त लांबून पाहिली आहे. पारख करायला मी आणि दिलावर. दिलावर म्हणजे माझा जोडीदार, बंबावर अठरा वर्षं काढलेला माणूस. आत मी गेलो की दोर त्याच्या हातात, तो गेला की माझ्या.

नमुने दोन आले. पहिली एक मान वाकडी केलेली लष्करी बॅटरी, शेवाळाच्या रंगाची, पाठीला पकड, ती छातीच्या पट्ट्यावर अडकवायची की दोन्ही हात मोकळे. दिलावर तिला बघून म्हणाला, ही मान अवघडलेल्या बगळ्यासारखी दिसते. दुसरा टोपावर पट्ट्याने बांधायचा दिवा. चकचकीत, पुढे जाड भिंग, मागून एक वायर पाठीवरून उतरते आणि कमरेच्या डबीत सेल बसतात. छगनशेठनी तो पाहिला आणि त्यांचं मन तिथेच बसलं. दिलावरने वाकडी बॅटरी शिडीच्या दहाव्या पायरीवरून फरशीवर टाकली, रात्रभर बादलीत बुडवून ठेवली, तिच्यावर उभा राहिला. पेटतच राहिली. मग तिला ट्रकच्या चाकाखाली घालायचं ठरलं, पण ट्रक चालू झाला नाही. टोपाच्या दिव्याला मात्र छगनशेठ हात लावू देईनात. म्हणाले, "असली वस्तू आपटायची नसते जमादार, डोक्यावर घ्यायची असते." आणि त्यांनी ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन आरशात पाहिली. मी म्हटलं की आत तुळया असतात, खुंट्या असतात, ही वायर कशात तरी अडकेल. एकदाच म्हटलं, तेही हळू आवाजात. त्यांना ऐकू गेलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. (हे वाक्य तू दोनदा वाच.)

मंगळवारी सकाळी अकराला आडतेबाजारातून माणूस धावत आला. भिमाजीशेठच्या भुसार वखारीच्या तळघरात बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा ढीग, पेटलं होतं. त्या दिवशी ट्रक चालू झाला, हे नशीब. बारदान भडकत नाही, धुमसतं. ज्वाळा दिसत नाहीत, दारातून नुसता पिवळा जाड धूर लोळत येतो आणि माणसाला वाटतं आत काहीच नाही. वखारीचे हमाल सगळे बाहेर आले होते. मग कोणीतरी म्हणालं, "लंकाबाई कुठंय?" ही बाई तळघरात बसून फाटकी पोती शिवते. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या तळघराला एकच जिना, खिडकी एकही नाही. मी ओला पंचा तोंडाला बांधला. छगनशेठ पेढीवरून आलेच होते, त्यांनी स्वतःच्या हाताने तो दिवा माझ्या टोपाला बांधला, डबी कमरेला अडकवली आणि लोकांकडे वळून म्हणाले, आता बघा. दोराचं एक टोक माझ्या कमरेला होतं, दुसरं दिलावरने धरलं. त्याचं तोंड मला आवडलं नाही.

मी पायऱ्या उतरलो. दिवा टोपावर होता. लंकाबाई सापडली. दोघंही जिवंत वर आलो.

मास्तर, वरच्या चार वाक्यांत एक शब्द खोटा नाही, एवढं ध्यानात घे. हीच चार वाक्यं मी नगरपालिकेच्या चीफ ऑफिसर साहेबांना सांगितली आणि हीच रिपोर्टात गेली. पुढे जे झालं ते मी केलेलं नाही. बाजारातल्या लोकांनी मला हार घातला. चीफ ऑफिसर साहेबांनी शाबासकीचा शेरा लिहिला. छगनशेठनी त्याच संध्याकाळी कमिटीत मांडलं की टोपाच्या दिव्याने एका बाईचा जीव वाचवला, सबब असे बारा दिवे घ्यावेत. वाकडी बॅटरी नापसंत, कारण ती बंबाच्या इभ्रतीला शोभत नाही. येत्या गुरुवारी, ता. २० ला, सभेत माझी सही व्हायची आहे की दिवा मी आगीत पारखला आणि उत्तम आहे. रस्त्याने जातो तर लोक चहाला बसवतात. त्या रात्री मी तो दिवा घरी आणला, तर हमिदाने तो हातात घेतला, तुटलेल्या वायरीचं टोक बोटांत धरून पाहिलं, खाली ठेवला आणि मला जेवायला वाढलं. दिलावरने दोर पुसून गुंडाळून ठेवला, तो अजून उलगडला नाही.

असो. इकडची हकीकत ही अशी. थोरांना सलाम, धाकट्यांना दुवा, आणि तुझा जीव माझ्यावर आहे तसाच राहू दे.

तुझा,
पीरमहंमद

ता. क. : वायर तुटलेली होती हे वर लिहून गेलो, तेव्हा आता पुढचंही लिहितो. चौथ्या पायरीवर ती भिंतीतल्या खुंटीला अडकली आणि दिवा गेला. वर अकराचं ऊन, आणि खाली माझे डोळे उघडे आहेत की मिटलेले हे मला हात लावून बघावं लागलं. मागे फिरायला हवं होतं, पण वायर सोडवायच्या झटापटीत मी उरलेल्या पायऱ्या घसरून खाली गेलो आणि दोर कमरेतून सुटला. मग मागे म्हणजे कुठे ते कळेना. हात लावीन तिथे पोतं. श्वास घेतला की छातीत सुया. मी हाक मारली, पण खरं सांगतो, ती लंकाबाईला नव्हती. माझ्या आईला होती, आणि तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

तेवढ्यात कोणीतरी माझा घोटा धरला.

"कोन हाय?"

"बंबवाला."

"दिवा न्हाई आनला?"

"आणला होता."

"बरं. खाली बसा, भुईला धूर कमी हाय. माजा पदर धरा. म्या थांबले की थांबायचं."

मास्तर, ती बाई पोत्यांच्या थप्प्यांवरून हात फिरवत चालली होती, जसा तू फळ्यावरून फिरवतोस. एका थप्पीशी थांबून म्हणाली, ही माजी टीप न्हाई, ही मागल्या सालची, म्हंजी आपुन भिंतीकडं आलो. परत वळली. पुढे हात लावला, ही माजी. अशी ती आपल्या शिवणीवरून रस्ता काढत होती. मध्येच एक थप्पी आमच्यापुढे कोसळली आणि वाट बुजली. तिच्या पदराला बसणारा हिसका मला कळत होता, ती खोकत होती आणि आवाज होऊ देत नव्हती. मी कलमा पुटपुटत होतो. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग डाव्या अंगाला, जमिनीलगत, हिरवट असं काहीतरी दिसलं. दिलावरने दोर रिकामा आलेला पाहून त्याच्या टोकाला ती वाकडी बॅटरी बांधून खाली सोडली होती. ती गाठ सुटून पडली आणि आमच्याच पंपाच्या घोटाभर पाण्यात बुडून उजेड देत होती. वरून पोती पडली होती तिच्यावर. तरी देत होती.

"त्ये काय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, जिना.

जिन्याशी आल्यावर तिने मला पुढे ढकललं. म्हणाली, तुमी जड हाय, मागं पडला तर मला वडता यायचं न्हाई. म्हणून दारात आधी मी निघालो, आणि मागे वळून तिला हात दिला. लोकांनी पाहिलं ते एवढंच. तिचा उजवा तळवा भाजला आहे. माझ्या अंगावर एक फोड नाही.

ता. क. दुसरा : आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. मला चीफ ऑफिसर साहेबांच्या नावे अर्ज लिहून दे. टोपाचा दिवा आत गेल्यागेल्या विझला, वाकड्या बॅटरीमुळे वाट सापडली, आणि बाईला मी नाही, बाईने मला बाहेर काढलं. असं लिही की छगनशेठचा अपमान होणार नाही आणि तरी दिवे येणार नाहीत. मी तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा त्या चार वाक्यांवर येऊन थांबलो. पुढच्या आगीत आत जायची पाळी दिलावरची आहे. त्याच्या डोक्यावर तो दिवा बांधून दोर मी धरायचा, हे मला जमणार नाही. मंगळवारच्या टपालाने पाठवलंस तर बुधवारी मिळेल. नाही मिळालं तर गुरुवारी सभेत तोंडाने सांगेन, पण तोंडाने सांगताना मी हळू बोलतो, हे तू जाणतोसच.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवायच्या आधी लंकाबाईच्या घरी जाऊन आलो. तिच्या हातावर हळद-तेलाची पट्टी आहे. मी सगळं सांगितलं, अर्जाखाली तिचा अंगठा लागेल म्हणालो. ती कोऱ्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा द्यायला लगेच तयार झाली. (कागद सोबत जोडला आहे, अंगठ्याच्या वर जागा ठेवून लिही.) मग तिने विचारलं, बंबवाल्यांच्या बत्तीचा अर्ज हाय का वखारीचा बी? मी म्हटलं, बत्तीचा. तेव्हा म्हणाली, "भिमाजीशेटनं सोमवारी बोलिवलंय. तितंच, खाली. राहिलेली पोती शिवायची हायत. तुमची बत्ती येल तवा येल. त्या तळघराला वर येक झरोका पाडून द्या म्हनावं."

मी अठरा-वीस आगी विझवल्या, राधाकृष्ण. मला हे सुचलं नव्हतं. अर्जात हे कलम पहिलं घाल, दिव्याचं दुसरं.