पाठ पाहिल्याशिवाय

८ सप्टेंबर २०१५
आले एकदाची. कारध्याच्या पुलावर बस चढली तेव्हा सोडायला आलेल्या आईचे डोळे भरले होते, आणि मला मात्र कधी एकदा खोली लावते असं झालं होतं. दिघोरीच्या पुढचं हे गाव, तलावाला लागून. उपकेंद्रातल्या नर्सचं हे काम नवं आहे: पंचक्रोशीत जन्मलेलं प्रत्येक बाळ पाहायचं, ओठ, टाळू, पाय, पाठ. व्यंग दिसलं तर वर कळवायचं, म्हणजे पुढच्या खेपेला दिवस जायच्या आधीच त्या आईला गोळ्या सुरू होतात. मेलेलं जन्मलं तरी पाहायचं. पालथं करून पाठ पाहिल्याशिवाय काही लिहू नका, कणा उघडा राहिला असेल तर तिथेच दिसतो, असं ट्रेनिंगमध्ये डॉक्टरांनी दहादा बजावलं. एवढं काय त्यात अवघड. घरमालकीणबाईंनी वांग्याची भाजी पाठवली. मजा आहे आपली.

२१ सप्टेंबर
रुखमिणीचं पहिलं लेकरू आज घरीच झालं, मेलेलं. मी पोचले तोवर तिच्या सासूने, पार्वताबाईने, ते जुन्या लुगड्यात बांधून गाठ मारली होती. म्हणाली, आमच्या घरी बांधलेली गाठ सोडत नाही मॅडम, तलावाच्या पाळीवर तशीच मातीत देतो. समजावता आलं असतं. पण मलाच पाहायचं नव्हतं, आणि बसही निघायची होती. ‘व्यंग नाही’ लिहून मोकळी झाले.

४ जानेवारी २०१६
धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपून रुखमिणी उपकेंद्रात आली. मागच्या लेकरात काही खोट होती का, असेल तर आधीच गोळ्या घेईन म्हणते, असं विचारत होती. नव्हती गं, कायले काळजी करतेस, असं म्हणून बसले मी. ती हसत गेली. मग बाळं तोलायची झोळी आवरायला घेतली, तर काटा खाली गेलेला. झोळी रिकामी. काटा बिघडला असेल.

२ मार्च
रुखमिणीला दिवस गेले. दिलेला पेढा तसाच पिशवीत टाकला. सगळं सांगून टाकायला निघाले होते. पार्वताबाई म्हणाली, तुम्ही आहात म्हणून जिवाले घोर नाही. झालं, सांगवलंच नाही. लाज वाटते मला माझी. परतताना पिशवी जड लागली. आत झोळी, आणि झोळीला गाठ. मी मारली नव्हती. गाठीला तलावाची ओली माती होती.

१९ जून
रुखमिणीला सोनोग्राफीला भंडाऱ्याला चल म्हटलं. ती म्हणाली, तुम्हीच सांगितलं ना काही नव्हतं, मग कायले? — आताही खरं बोलले नाही. नवा काटा आणला. दुसऱ्या एकीचं बाळ झोळीत ठेवलं तर ते कडेला सरकलं — कोणाला जागा दिल्यागत — त्याच्या आईला दिसलं नाही.

११ सप्टेंबर
झोळी तलावात टाकून आले. परत खुंटीवर. ओली.
बदली मागितली — नाही मिळाली. रुखमिणीचं पोट पाहवत नाही.

३० ऑक्टोबर
झालं. जिवंत आहे, रडलं. सगळे हसून राहिले. झोळीत उताणं ठेवलंय. पाठ पाहायला खाली हात घातला —
तिथं बोटं. इवली, गार. माझं बोट धरलं. बाळाचे दोन्ही हात तर वर —
उजव्या हाताने लिहितेय. डावा सुटत नाही. रुखमिणी म्हणते, मॅडम, पाठ पाहा ना.
खाली लुगड्याची गाठ लागतेय. सोडते. या वेळी सोडते मी. पालथं —