बफरच्या वहीतली कबुली

मी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त संशोधिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे; शंका असल्यास माझ्याशी वाद घालून पाहावा.

१. राहते घर मुलीला. स्वयंपाकघरातला गळका नळ जावईबापूंनी दुरुस्त करावा. पाच वर्षे "बघतो" म्हणत आहेत.

२. ठेवी दोन्ही नातवंडांना सारख्या.

३. पिपेटांचा संच विभागाला. विभागप्रमुखांनी मात्र त्यांना हात लावू नये. ते पिपेट तिरकी धरतात आणि सांगितले की रुसतात.

४. बफरची, म्हणजे प्रयोगासाठी बनवलेल्या द्रावणांच्या नोंदींची, जुनी वही माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला. तिला आम्ही खारूताई म्हणत असू.

कारण लिहिणे भाग आहे. जनुकाचा निरोप पेशीत पोचवणाऱ्या आरएनएवर मिथाइलच्या बारीक रासायनिक खुणा असतात. कुठला निरोप टिकवायचा आणि कुठला लवकर मोडीत काढायचा, हे पेशी त्यांवरून ठरवते. या खुणा पुसणारे एक नवे एन्झाइम खारूताईला सापडले होते. मी म्हटले, "भेसळ असेल. मी स्वतः करून बघते." तीनदा केले, एकही खूण पुसली गेली नाही. मी तिचा प्रबंध अडवला. "मॅडम, मला दर वेळी येतंय हो," एवढेच ती म्हणाली. आज ती एका तपासणी केंद्रात रक्त-लघवी तपासते.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती वही उघडली. आरएनए नासू नये म्हणून बफरमध्ये ईडीटीए घालायची माझी जुनी सवय. ईडीटीए लोह बांधून ठेवते, आणि असली एन्झाइमे लोहाशिवाय काम करत नाहीत. त्या तीनही दिवसांच्या नोंदींत, माझ्याच अक्षरात, ईडीटीए आहे. परवा ते न घालता प्रयोग केला. खुणा पुसल्या गेल्या. पोर बरोबर होती, आणि मला स्वतःची लाज वाटते.

इथवरचा मसुदा वाचून माझ्या वकीलबाईंनी चष्मा काढला. "मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर उघडणार. तुम्ही तर चांगल्या धडधाकट आहात. तोवर तिनं काय करायचं?"

मी पुन्हा पेन उचलले.

५. सबब कलम ४ रद्द. वही आणि परवाचा निकाल घेऊन, सही होताच, मी तिच्याकडे जात आहे. शोधनिबंधावर तिचे नाव पहिले राहील. माझे असावे की नाही, ते तिने ठरवावे. तिने दार लावून घेतले, तर उद्या पुन्हा जाईन.

आम्हां दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत संशोधिकाबाईंनी सही केली:
बाटल्या धुणाऱ्या मावशी (सही)
फ्रीजरचे मिस्त्री (सही)

लिहून देणार: संशोधिका (सही)
स्थळ: प्रयोगशाळेची मागची खोली
दिनांक: ११ जुलै, सकाळी साडेदहा