गिटार आणि हिरवी बांगडी

ठाकूरद्वार, शके १८१६. मार्गशीर्षातला गुरुवार, दिवेलागण.

हे अजून कचेरीतून आले नाहीत. तसा उशीर झालेला नाही, तरी जीव थाऱ्यावर नाही.

दुपारी शेजारच्या रोझाबाईकडे गिटार शिकायला बसले. डाव्या बोटांनी तारा दाबायच्या, उजव्यानं सगळ्या एकदम छेडायच्या. माझ्या बांगड्याच जास्त वाजतात. "काकणं काढ गो," ती म्हणाली. सवाष्णीनं कशा काढायच्या? हात जोरात फिरवला, लाकडावर आपटला आणि एक बांगडी वाढली. फुटली असं लिहवत नाही.

सासूबाईंना सांगितलं, मोरीत वाढली. स्वतःला काय सांगू? त्याच झटक्यात सूर पहिल्यांदा स्वच्छ उमटला होता. काच मांडीवर पडलेली, आणि मी आधी तो पुन्हा वाजवला. ह्यांची आठवण नंतर झाली.

जिन्यावर पावलं वाजताहेत. देवा, ह्यांचीच असू देत.