क्रमांक एकच्या साडूंना, क्रमांक दोनकडून

आदरणीय साडूभाऊ,

रीतीप्रमाणे साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण गुरुवारी दिवसभर टेबलाखाली वाकून वायरी काढून-घालून कंबर अशी धरली आहे की नमस्कार उभ्यानेच गोड मानून घ्यावा. तुमची प्रकृती उत्तम असेलच. (ती नेहमीच असते. आमच्याकडे कुणाला सर्दी झाली की आमची ही औषध शोधण्याआधी सांगते, भाऊजींना बघा, कधी शिंक म्हणून येत नाही.) ताईंचे गुडघे कसे आहेत? तुमच्या गुडघ्यांची चौकशी करीत नाही, ते ठणठणीत असल्याचे आम्हाला दर आठवड्याला कळते.

पत्र लिहिण्याचे कारण तुम्हीच आहात. तीन आठवड्यांपूर्वी ताईंचा फोन आला होता. आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून बोलण्याची वाईट खोड आहे, त्यामुळे तुम्ही जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकलीत, आणि तीही घरच्या घरी, कुणालाही न बोलावता, हे मला दाढी करताना ऐकावे लागले. फोन ठेवल्यावर हिने आधी आमच्या कॉम्प्युटरकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि दोन्ही वेळा नजर एकच होती. साडूभाऊ, आडपडदा न ठेवता लिहितो, मला तुमचा हेवा वाटला. तो काही पहिल्यांदा वाटला असे नाही. तुम्ही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालात, तुम्ही खोलीत आलात की माणसे अजून उठून उभी राहतात. मी पस्तीस वर्षे पाण्याची मीटरे तपासली, मी दारात दिसलो की माणसे आत जाऊन बादल्या लपवीत. तुमच्या डोक्यावर केस आहेत. तुम्ही सासऱ्यांचे पहिले जावई. हे सगळे मी गिळले होते. पण कॉम्प्युटरचे मला गिळवेना, कारण तिथे तरी आपण सारखे होतो.

आठवते ना, सासऱ्यांनी दोघी मुलींना एकाच दुकानातून, एकाच दिवशी, अगदी जुळे वाटावेत असे कॉम्प्युटर घेऊन दिले होते. हमीची कागदपत्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांनी काळ्या मार्करने तुमच्यावर १ आणि आमच्यावर २ असे ठसठशीत लिहिले. (तुमच्यावर म्हणजे तुमच्या डब्यावर.) त्यांच्या मनात काही नव्हते, हे मी बारा वर्षे स्वतःला समजावतो आहे. तो २ दिसू नये म्हणून मी डबा भिंतीकडे तोंड करून ठेवला. त्यामुळे हवेची जाळी भिंतीला टेकते, कॉम्प्युटर तापतो आणि पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. ही कितीदा म्हणाली की जरा पुढे ओढा. मी ओढला नाही.

तर गुरुवारी सकाळी मी शड्डू ठोकला. ही एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचते हे तुम्ही जाणताच. (तुम्ही ती पेन्सिलीने न सोडवता थेट पेनाने सोडवता, हेही आम्हाला ताईंकडून वेळोवेळी कळते.) कोडे शुक्रवारी सकाळी द्यायचे असते. तेवढे जाऊ द्या, मग काय गोंधळ घालायचा तो घाला, असे तिने सुचवले होते. पण ईर्ष्येला धीर नसतो. मी सुरुवात केली. कॉम्प्युटरने मला तुमची खात्री आहे ना, असे तीन वेळा विचारले. लग्नातसुद्धा मला इतके कुणी विचारले नव्हते. मी तिन्ही वेळा होय म्हटले आणि मग ते टक्के मोजायला लागले. सदतीसवर जे बसले ते तासभर उठेना. ही चहा घेऊन आली, पडद्याकडे पाहिले आणि भाऊजींचेही इतके अडकले होते का, असे सहज विचारले. मी म्हटले, आपला कॉम्प्युटर काम सावकाश पण नीट करतो. ती गेल्यावर मी डब्याला बोटाने टिचकी मारली, मीटर अडकले की मारायचो तशी. अडतीस झाले. (ही युक्ती तुमच्या वाचनात आलेली नसावी.)

दुपारी नवी सिस्टीम आली. पडद्यावर डोंगर, तळे, सगळे झकास. माझी छाती फुगली आणि मी हिला मोठ्याने हाक मारली. ती हात पुसत आली, बसली, आणि तिने कोडे उघडले. साडूभाऊ, बारा वर्षांच्या शब्दकोड्यांत मराठीचे एक अक्षर शिल्लक नव्हते. आडवे शब्द, उभे शब्द, सगळ्यांच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस, डॉलर आणि टक्क्याची चिन्हे. आमचा जुना मराठी फॉन्ट नव्या सिस्टीमने घराबाहेर काढला होता. मी म्हटले, हेही एक प्रकारचे कोडेच झाले. ती हसली नाही. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रागावली असती तर बरे झाले असते. ती अगदी शांतपणे म्हणाली,

"भाऊजींना फोन करू का?"

या पाच शब्दांची... नव्हे, चारच आहेत, पण मला पाचाहून जास्त लागले. मी म्हटले, कुणालाही फोन करायचा नाही, संध्याकाळपर्यंत सगळे जागेवर असेल. ती बरे म्हणाली आणि दोन-चार शब्द तपासायचे आहेत म्हणून वाचनालयात निघून गेली.

त्यानंतर मी डोके शांत ठेवून विचार केला, बिघाडाच्या मुळाशी गेलो आणि फॉन्ट परत आणला. कसा, ते जरा तांत्रिक आहे, पत्रात मावणार नाही. ही सहा वाजता परतली तेव्हा एकूण एक काना-मात्रा ठिकाणावर होती. मी खुर्चीत मुद्दाम रेलून बसलो होतो. तिने कोडे पाहिले, झाले का, छान झाले म्हणाली, आणि लगेच विचारले की भाऊजींना किती वेळ लागला होता. हे पत्र त्याच कॉम्प्युटरवर, त्याच फॉन्टमध्ये टंकतो आहे, हाच माझ्या यशाचा पुरावा समजावा.

ताईंना नमस्कार सांगावा. तुमचा लोभ आहेच, माझा हेवाही आहे, दोन्ही असेच चालू राहावेत.

आपला,
धाकटा साडू

ता. क. वर थोडे खोटे लिहिले गेले आहे. ही बाहेर पडल्यावर मला फ्रिजवर चुंबकाखाली एक चिठ्ठी दिसली. तिच्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंचा नंबर होता. दैव अनुकूल असले की असे होते. मी फोन करून सांगितले की मंडळी सहापर्यंत बाहेर आहेत, लगेच या. बाई आल्या, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, डबा भिंतीपासून ओढला आणि थबकल्या. म्हणाल्या, "हा दोन नंबर होय? एक नंबर मागच्याच महिन्यात केला मी. त्या सरांनीसुद्धा मिसेस बाहेर गेल्यावरच बोलावलं होतं." पेन ड्राइव्हवरून फॉन्ट घालायला त्यांना चार मिनिटे लागली. तुमच्याकडे, म्हणाल्या, दोन खेपा माराव्या लागल्या.

ता. क. २. मी हे ताईंना सांगणार नाही. माझी फक्त एक मागणी आहे. येत्या रविवारी दोघे या, आणि आमच्या हिच्यासमोर मला काहीतरी विचारा. काहीही चालेल. तुम्हाला अडले आहे आणि ते मला ठाऊक आहे, असे एकदा तिला दिसू द्या. पुन्हा काही मागणार नाही.

ता. क. ३. भाऊजी, नमस्कार. यांनी हे पत्र माझ्या "आडवे शब्द" या फोल्डरमध्ये ठेवलं, म्हणून वाचलं. बाईंचा नंबर मला ताईनेच दिला होता, तुमच्या दुसऱ्या खेपेनंतर. चिठ्ठी मी फ्रिजवर लावली आणि निघाले. वाचनालय गुरुवारी बंद असतं. मी समोरच्या बाकावर बसून होते, बाई गेलेल्या दिसल्यावर वर आले. रविवारी नक्की या आणि यांना विचाराच, पण कॉम्प्युटरचं नको. तुमच्या पाण्याच्या मीटरचं विचारा. त्यातलं यांच्याइतकं कुणालाच कळत नाही, हे मी ताईला नेहमी सांगत असते. यांना सांगायचं तेवढं राहून जातं.