डोंगरठकीचा नववा अंक

लिहून ठेवणार: श्रीमती महामाया प्रसेनजित इंगळे, माहेरचे नाव महामाया दयाराम सरकटे, वय ६८ वर्षे, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार चिखली रोड, बुलढाणा.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. शेजारी बसून कोणी सांगत नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही. माझी स्मरणशक्ती शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पोटातली गाठ यकृतापर्यंत गेली आहे. पुढच्या पावसाळ्याचे मी विचारले तेव्हा डॉक्टरांनी विषय बदलला. मुलगा पुण्याला नेतो म्हणाला, मी नको म्हटले. याचे काही वाटायला हवे असे लोकांच्या चेहऱ्यावरून कळते. मला तसे काही वाटत नाही. सकाळी उठते, चहा करते, तो निम्मा राहतो.

पहिले. राहते घर मी माझ्या नावावरील कर्ज फेडून बांधले असून त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ते माझा एकुलता मुलगा धम्मदीप यास मिळावे. त्याने ते ठेवावे किंवा विकावे, माझ्यासाठी ठेवू नये. मागच्या भिंतीवरून शेजाऱ्यांशी जो वाद आहे तो माझ्या पतीने सुरू केला होता. पती चार वर्षांपूर्वी गेले, वाद मी आता सोडते. भिंत त्यांची समजावी. पेरूचे झाड मात्र आपले आहे.

दुसरे. बँकेतील ठेव धम्मदीपला. पोस्टातील ठेव संग्रामपूरची माझी नणंद रुख्मिणी हिच्या मुलीला, सारिकाला. हातातल्या दोन बांगड्या सुनेला. सून मला कधी वाईट बोलली नाही. चांगलेही फारसे बोलली नाही. बांगड्या तिच्या हाताला बसतील.

तिसरे. माझा चित्रफलक, टाकाच्या निबांचे डबे, ब्रश आणि रंगांचे कपाट सारिकाला. ती दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरवरची नावे रंगवते. तिचा हात माझ्यापेक्षा मोकळा आहे. हे मी तिला कधी सांगितले नाही, म्हणून येथे लिहिले.

चौथे. हे कलम लांब आहे, त्याला इलाज नाही. कारण जी वस्तू द्यायची ती काय आहे हे सांगितल्याशिवाय ती देता येत नाही.

माझ्या कपाटात "डोंगरठकी" या चित्रकथेचा नववा अंक आहे. सन १९७९ मध्ये खामगावला रंगराव टिकार यांचा छापखाना होता. ते मुलांसाठी दरमहा एक चित्रकथा काढत. ठकी नावाची मुलगी, तिचे गाढव आणि सातपुड्याचे जंगल. कथा रंगराव सांगत. चित्रे मी काढत असे, पहिल्या अंकापासून बाविसाव्या, शेवटच्या अंकापर्यंत सगळी. मी नुकतीच चित्रकलेची पदविका घेतली होती, नोकरी लागायची होती. माझे वडील दयाराम खामगावच्या कापूस बाजारात हमाली करत.

पहिल्या आठ अंकांवर चित्रकाराचे नाव नव्हते. मी ते मागितले. रंगराव म्हणाले, "त्यात काय, टाकून देऊ." नवव्या अंकाच्या मुखपृष्ठावर खाली छापले गेले: चित्रे, महामाया दयाराम. आडनाव नव्हते. नावावरूनही घर कोणत्या वस्तीतले ते कळते.

अंकांचा पहिला गठ्ठा बस स्टँडवरच्या स्टॉलवर गेला. दुपारी विक्रीचा मोठा एजंट छापखान्यात आला आणि हे नाव पाहून लोक अंक घरात नेत नाहीत असे म्हणाला. त्याने किती लोकांना विचारले होते मला माहीत नाही. रंगरावांनी उरलेल्या सगळ्या अंकांची मुखपृष्ठे काढायला लावली आणि नवीन छापली. त्यांवर नाव होते त्यांच्या धाकट्या भावाचे, भागवतचे. भागवतभाऊंना चित्र काढता येत नव्हते. रंगराव मला म्हणाले, "पोरी, मनावर नको घेऊ. धंदा हाय." पुढच्या तेरा अंकांवरही भागवत हेच नाव राहिले आणि चित्रे मीच काढली. नंतर बुलढाण्याच्या शाळेत नोकरी लागली. छापखाना बंद पडला. मूळ चित्रे रद्दीत गेली. माझ्याकडे पुरावा म्हणून काही नाही.

त्या सकाळी माझे वडील हमालीला जाताना बस स्टँडवर थांबले होते. त्यांना वाचन जेमतेम येत असे, पण माझे नाव ओळखता येई. त्यांनी स्टॉलवरचे जेवढे मिळाले तेवढे अंक घेतले आणि गावी बीबीला जाऊन वाटले. "माह्या पोरीचं नाव हाय, पाहा," असे घरोघर दाखवत फिरले, असे आई सांगायची. नाव काढल्याचे मी त्यांना सांगितले नाही. पुढचे अंक ते मागायचे, मी संपले म्हणायचे.

बीबीत वाटलेल्या अंकांची पोरांनी चित्रे कापली, पुस्तकांना कव्हरे घातली. रुख्मिणीचे माहेरही बीबीचेच, तिच्याकडच्या अंकातून तर ठकीही गेली आणि गाढवही गेले, जंगल तेवढे राहिले. वडिलांचा स्वतःचा अंक ते गेल्यावर पेटीत सापडला. तोच हा.

मागच्या वर्षी सारिकाने त्याच्या मुखपृष्ठाचा फोटो मोबाईलवर एका गटात टाकला. तीन दिवसांत अकोल्याहून कुलदीप नावाचा तरुण आला. जुन्या चित्रकथा घेणे आणि विकणे हा त्याचा व्यवसाय. हात धुऊन, कोरडे करून, भिंग लावून त्याने प्रत्येक पान पाहिले. माणसाला कोणी इतके पाहत नाही.

"पिना गंजल्या, पण गंज कागदात उतरला नाही," तो म्हणाला. "पानं पिवळी आहेत, तुटत नाहीत. कोणी पेनानं नाव लिहिलेलं नाही. ही मधली घडी नसती तर दहापैकी आठ दिले असते मॅडम. आता साडेचार."

"वडिलांनी बंडीच्या खिशात ठेवला होता," मी म्हणाले.

"लोकांना कदर नसते," तो म्हणाला. मग घडी काढता येते असे सांगितले. कागदाला किंचित ओल द्यायची, वजनाखाली ठेवायचा. दर्जा साडेसहापर्यंत जातो.

मी किंमत विचारली. त्याने ती हळू आवाजात सांगितली. त्या रकमेत मी माझ्या घराचे छत घातले होते. एवढी का, असे विचारले तर म्हणाला, किती छापले याला महत्त्व नसते, किती उरले आणि किती जणांना हवे याला असते. बाकीचे डोंगरठकी चार-पाचशेत मिळतात. नववा अंक या मुखपृष्ठाचा त्याने आजवर एकच पाहिला होता, तोही फाटका.

"आणि ही छपाईतली चूक आहे ना मॅडम. चित्रकाराचं नाव चुकलं. कोण ही महामाया, प्रेसमधली कोणी असेल. आमच्या यादीत याला 'चुकीचा नववा' म्हणतात. भागवत सर अजून आहेत खामगावला. त्यांची सही असलेला साधा अंकसुद्धा तिप्पट जातो. या चुकीच्या नावाखाली त्यांची सही घेतली, तर असा दुसरा अंक जगात नाही."

मी त्याला चहा दिला. मग सांगितले, "ती चूक नाही. महामाया मी आहे. चित्रं माझी आहेत, सगळ्या अंकांतली."

त्याने कप खाली ठेवला. पोरगा वाईट नव्हता. अंकावरचे नाव पुन्हा वाचून म्हणाला, "असेल मॅडम. पण मी असं लिहू शकत नाही. भागवत सरांनी लिहून दिलं तर गोष्ट वेगळी." दारात चपला घालताना पुन्हा म्हणाला, "एक सांगतो. हे खरं निघालं तर हा अंक चुकीचा राहत नाही. चुकीचा राहिला नाही तर एवढे पैसे कोण देईल?"

ही हकीकत मी धम्मदीपला फोनवर सांगितली. त्याला हे काहीच माहीत नव्हते. तो चिडला. "आई, तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही," मी म्हणाले.

तो वकील पाहतो म्हणाला, सगळीकडे लिहितो म्हणाला. मी थांबवले. तेव्हा गाठीचे कळले होते. कोर्टाची तारीख आणि माझी तारीख यांत कोणती आधी येईल ते दिसत होते.

दिवाळीनंतर मी अंक घेऊन खामगावला गेले. भागवतभाऊ ऐंशीच्या पुढे आहेत. पत्नी वारली, एका खोलीत राहतात, डावा हात चालत नाही. मला ओळखले नाही. पुढे अंक पाहून त्यांनी सवयीने पेन काढले. मग खालचे नाव वाचले आणि पेनाला टोपण लावले.

"हा अंक राह्यला होता व्हय," ते म्हणाले.

"बाबांनी ठेवला होता."

त्यांनी अंक माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "ते अंक जमवणारे पोट्टे पयल्यांदा आले तं मी म्हटलं, मले चित्र काढता येत नाही. त्यायनं आयकलंच नाही. मी हसून बोलून राह्यलो असं वाटलं त्यायले. मंग एक सही केली. मंग करतच राह्यलो. लोकं पाया पडतात बाई. ऐंशी वर्षांत कोणी पाया नोता पडला."

"लिहून द्याल का?"

"काय लिहू? मी खोटा होतो म्हणून? शेजारीपाजारी, नातवंडं..."

मी त्यांना रागावले नाही. राग शोधून पाहिला, सापडला नाही. मी म्हणाले की मी मृत्युपत्र करणार आहे, त्यात खरे ते लिहीन, त्यांनी साक्षीदार म्हणून सही करावी.

"ते उघडतात कवा?"

"मी गेल्यावर."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान आहे, केस अजून पूर्ण पिकलेले नाहीत. "तवर मी कायले राह्यतो," ते म्हणाले. "येतो मी. करतो सही."

आजाराचे मी त्यांना सांगितले नाही.

तरी माझी इच्छा अशी की, हा नववा अंक सारिकाला मिळावा. तिने तो ठेवावा. विकायचा झाल्यास ज्या यादीत त्याच्यापुढे "चूक" हा शब्द नसेल आणि चित्रकार म्हणून माझे नाव असेल त्याच यादीत विकावा, मग किंमत निम्मी येवो की पाव. त्यावर कोणाचीही सही घेऊ नये. मधली घडी काढू नये. माझ्या मते तो एक अंक बरोबर छापला गेला आहे आणि पुढचे सगळे चुकले आहेत. परंतु हे माझे मत आहे. यादी करणाऱ्यांना त्यांचे असेल.

पाचवे. माझ्यामागे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरातच करावा, मंडप घालू नये. शाळेत माझे चित्र लावायचे झाल्यास फोटो लावावा, कोणाकडून काढून घेऊ नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सारिकाने करावी. धम्मदीपने तिला अडवू नये. तो अडवणार नाही, पण असे लिहायचे असते.

सही करण्यापूर्वीची नोंद. साक्षीदाराला मजकूर सांगण्याचे कायद्याने बंधन नाही. तरी आज भागवत टिकार एस.टी.ने खामगावहून आले असता माझ्यासोबत नोकरी केलेल्या अन्नपूर्णाबाई वानखडे यांनी हा कागद त्यांना सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. गाठीच्या ओळीपाशी भागवतभाऊंनी हात वर केला. अन्नपूर्णाबाई थांबल्या.

"बाई, हे नोतं सांगितलं तुमी."

"नाही."

"किती दिवस?"

"पावसाळ्याचं डॉक्टर बोलत नाहीत."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. अन्नपूर्णाबाईंनी त्यांना परतीच्या गाडीची वेळ विचारली, म्हणजे उठायचे असेल तर उठता यावे. ते उठले नाहीत. "पुढचं वाचा," म्हणाले. पुढचे सगळे ऐकले. स्वतःचे बोलणे ऐकताना मान खाली होती. शेवटी म्हणाले, "मी म्हटलं तसंच लिवलं हाय." आणि उजवा हात पेनासाठी पुढे केला. सहीखाली व्यवसाय लिहायची जागा असते. तिथे काय लिहायचे असे अन्नपूर्णाबाईंनी विचारले, तेव्हा ते मी लिहितो म्हणाले आणि सहीआधी तेवढी ओळ बराच वेळ घेऊन लिहिली.

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि दोघा साक्षीदारांच्या समक्ष मी खाली सही केली. माझ्यानंतर त्या दोघांनी माझ्या समक्ष केल्या.

ठिकाण: बुलढाणा
दिनांक: १८ जानेवारी २०२६

लिहून ठेवणार
(सही) महामाया दयाराम सरकटे, ऊर्फ महामाया प्रसेनजित इंगळे

साक्षीदार
१. (सही) अन्नपूर्णाबाई वानखडे, रा. बुलढाणा. व्यवसाय: निवृत्त मुख्याध्यापिका
२. (सही) भागवत टिकार, रा. खामगाव. व्यवसाय: भावाच्या छापखान्यात पार्सलं बांधत होतो